दोन शेड वजा

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. सत्तावीस वर्षं मी मॅचिंग सेंटर चालवते. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन येतं आणि मी त्याला त्याच रंगाचं रीळ, अस्तर, बटण, चेन काढून देते. 'जवळपास चालेल' म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या डोक्यात जातं. जवळपास म्हणजे चूक, एवढं साधं लोकांना का कळत नाही, देव जाणे. पिवळ्याच्या माझ्याकडे एकोणतीस शेड आहेत आणि गाढ झोपेतून उठवून विचारलं तरी कुठली कुठे ठेवलीय ते मी सांगीन. सगळे मला आक्का म्हणतात. माझ्याहून वयाने मोठे आहेत तेसुद्धा म्हणतात, आणि मी चालवून घेते.

लिंबू माझा धाकटा भाऊ. खरं नाव कागदोपत्री आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो स्वतःच मागे वळून बघतो, कोण आलं म्हणून. त्याला जन्मापासून सिकलसेल आहे. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात, त्याच्या विळ्यासारख्या वाकतात. वाकल्या की कुठेतरी अडकतात, मग हाडं अशी ठणकतात की चाळिशीचा बाप्या लहान मुलासारखा रडतो. शिवाय त्या लवकर फुटतात, म्हणून त्याचे डोळे कायम पिवळसर. शाळेत पोरांनी चिडवायला लिंबू नाव ठेवलं, तर हा पठ्ठ्या चिडायच्या ऐवजी खूश झाला. आता आमच्याच दुकानाच्या मागच्या भागात तो शिलाई मशीन दुरुस्त करतो आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत 'लिंबू मशीन रिपेअर' असं रंगवून घेतलंय. पाटीचा पिवळा मी निवडला.

रोज सकाळी शटर वर केलं की आमचा एक कार्यक्रम असतो. लिंबू पायरीवर रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो, खालची पापणी बोटाने ओढतो आणि मी दोऱ्याचं शेडकार्ड त्याच्या गालाशी धरते. कार्डावर नंबर जितका मोठा तितका पिवळा गडद. एकशे चौदा म्हणजे रोजचा, जा कामाला लाग. एकशे सोळा म्हणजे भरपूर पाणी, अंगात स्वेटर, आणि दिवसभर जिना चढायचा नाही. एकशे अठरा म्हणजे वाद न घालता हॉस्पिटल. हे ऐकून तिथले म्हातारे डॉक्टर पहिल्यांदा हसले होते. मग दोन-तीन वेळा त्यांनी माझा नंबर आणि रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिला आणि त्यांचं हसणं बंद झालं. आईवडील गेल्यापासून हा भाऊ मी या कार्डावर सांभाळलाय म्हटलं तरी चालेल. मी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर मॅचिंग मिळालं नाही असं सांगते आणि विषय संपवते.

लग्न केलं नाही ते मी. लिंबू मात्र करायला निघाला होता.

झालं असं, की आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका टेलरबाईचं दुकान आहे, पहिल्या मजल्यावर. मागच्या वर्षी तिचं मशीन दर आठवड्याला बिघडायला लागलं. लिंबू जायचा, धाग्याचा ताण ठरवणारा स्क्रू सैल झालेला असायचा, तो पिळायचा, चहा प्यायचा आणि शीळ घालत परत यायचा. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की हा स्क्रू आपणहून सैल होत नाहीये. पण गडी ताकास तूर लागू न देता पुढचे चार महिने जात राहिला. शेवटी तिनेच विचारलं, की हे मशीन काही सुधारणार नसेल तर आपण लग्नच करून टाकू या का. आजाराचं सगळं त्याने तिला आधी सांगून ठेवलं होतं. मुलांचा विचार करायचा तर तिनेही रक्त तपासून घ्यायला हवं, हेसुद्धा. तिने दुसऱ्याच दिवशी तपासून रिपोर्ट त्याच्या हातात दिला होता, स्वच्छ. नोंदणीची तारीख ठरली, सात आठवड्यांनंतरची.

मला ती आवडत नव्हती असं नाही. हसरी होती, कामाला वाघीण होती. पण दोरा घ्यायला आली की बोटाने कुठलंही रीळ दाखवून म्हणायची, "हे द्या आक्का, जवळपास चालेल." आता सांगा, अशा बाईच्या हाती भाऊ सोपवायचा? त्याचे डोळे रोज सकाळी कोण बघणार? ती एकशे अठराला एकशे चौदा म्हणेल आणि वर 'जवळपास' म्हणेल, ही माझी काळजी. म्हणजे मी म्हणायचे तसं. खरं कारण मला तेव्हा माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या इमारतीला रंग द्यायचं निघालं. रंगाऱ्यांनी समोरून परांची बांधली आणि रंगाचे शिंतोडे रस्त्यावर उडू नयेत म्हणून गच्चीपासून थेट जमिनीपर्यंत हिरवी जाळी सोडली. दुकानात दिवसभर हिरवट उजेड. गिऱ्हाईकं आत आली की आजारी दिसायची. पहिल्याच दिवशी एका बाईने नुसता नंबर सांगितला, मी वरच्या फळीवरून नजरेनेच रीळ काढून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती ते परत घेऊन आली. रंग चुकला म्हणे. सत्तावीस वर्षांत माझं रीळ परत आलं नव्हतं. मी त्या रंगाऱ्यांच्या मुकादमाला असं फैलावर घेतलं की बिचारा दोन दिवस मागच्या दाराने येत-जात होता. पण जाळी काही निघाली नाही.

मग मी डोकं चालवलं. जाळीच्या उजेडात पिवळा रंग दोन शेड गडद दिसतो, हे मी दहा-बारा रिळं मागच्या अंगणात नेऊन ताडून पाहिलं. म्हणजे हिशोब सोपा. जे दिसेल त्यातून दोन वजा. त्यानंतर एकही रीळ परत आलं नाही आणि मी स्वतःवर फारच खूश झाले.

आणि हाच हिशोब मी लिंबूच्या डोळ्यांना लावला.

सकाळी कार्ड धरलं, एकशे सोळा दिसला. दोन वजा, चौदा. जा कामाला लाग. पुढच्या आठवड्यात एकशे अठरा दिसला. दोन वजा, सोळा. पाणी पी, स्वेटर घाल. लिंबू म्हणाला की त्याला थकल्यासारखं वाटतंय, तोंडाला चव नाही. मी म्हटलं, लग्न ठरलेल्या माणसाची भूक मरतेच, त्यात नवल ते काय. तोही हसला. त्याला माझ्या नंबरावर माझ्याइतकाच भरवसा होता, त्यामुळे मी सोळा म्हटलं की तो सोळाच.

एक दिवस टेलरबाई आली. दोरा नको होता तिला. तिने लिंबूच्या लग्नाच्या कोटाचं माप महिन्यापूर्वी घेतलं होतं, आणि आज कच्ची शिलाई घालून अंगावर बघितला तर कंबरेत दीड इंच मोकळा. डोळेही तिला बरे वाटत नव्हते. एकदा हॉस्पिटलात दाखवून यावं, असं तिचं म्हणणं पडलं. अगदी हळू आवाजात बोलली बिचारी, पण माझ्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. मी म्हटलं, "पिवळा हा माझा प्रांत आहे. ज्यांना लाल आणि गुलाबी जवळपास वाटतात त्यांनी मला पिवळा शिकवू नये." तिने टेप गळ्यात अडकवला आणि निघून गेली. मला अगदी जिंकल्यासारखं वाटलं.

तीन दिवसांनी मी घाऊक बाजारात चेन आणायला गेले होते. दुपारी परत आले तर शटर अर्धं खाली, आत कुणी नाही, आणि लिंबूच्या टेबलावर कागद. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, की हॉस्पिटलात जातोय, टेलरबाई घेऊन चाललीय, रागावू नकोस, पाणी प्यालोय. चेनचं पुडकं तिथेच टाकून मी तशीच सुटले. वाटेत मी त्या बाईला काय काय सुनवायचं त्याची मनात उजळणी करत होते. चांगली तीन-चार वाक्यं जमली होती.

वॉर्ड चौथ्या मजल्यावर. लिंबू खिडकीजवळच्या खाटेवर, हाताला सलाइन, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी सांगून हसवतोय. टेलरबाई स्टुलावर बसलेली. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. खिडकीतून स्वच्छ पांढरा उजेड येत होता. कार्ड माझ्या पिशवीत असतंच. काढून धरलं. एकशे वीस. त्याच्या पुढे फक्त एक शेड उरते आणि ती मी कधी डोळ्यांशी लावून पाहिलेली नव्हती.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रीळ मी नुसत्या नजरेने काढत होते, तिथे दोन वजा करणं बरोबर होतं. पण डोळ्याला मी कार्ड लावत होते. डोळाही जाळीत आणि कार्डही त्याच जाळीत. दोन्ही सारखेच हिरवे. मग वजा कशातून करायचं? नव्या पोरीलासुद्धा ही चूक दुकानात पहिल्या दिवशी करू दिली नसती मी. सत्तावीस वर्षं रंग बघणारी बाई तीन आठवडे भावाचा आजार दोन-दोन शेडने खोडत बसली होती. मी खाटेच्या कडेवर बसले. मनात जुळवलेली वाक्यं कुठे गेली कळलंच नाही.

एक तरुण डॉक्टरीण आली. बारीकशी, केस कसेतरी बांधलेले, कोटाच्या खिशात पाच पेनं. तिने समजावून सांगितलं. विषाणूची कावीळ होती, हिपॅटायटिस बी. लिव्हरचे आकडे कितीतरी पट वर गेले होते. सिकलसेलवाल्याचे डोळे पिवळेच असतात, त्यामुळे घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही ही दुसरी कावीळ पहिलीच्या मागे लपलेली दिसत नाही, असं ती म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असावी, पण मला बरं वाटलं नाही. विषाणू कुठून आला ते सांगणं कठीण होतं. लस घेतली होती का, तिने विचारलं. दोन डोस घेतले होते. तिसऱ्याच्या वेळी त्याची हाडं ठणकत होती, मग घेऊ, मग घेऊ करता करता राहूनच गेला. हे सांगताना मी जमिनीकडे बघत होते.

डॉक्टरीण ओरडली नाही. मोठ्या माणसांत बहुतेकांचं शरीर हा विषाणू सहा महिन्यांत आपणहून हाकलून लावतं, थोड्यांच्या अंगात मात्र तो ठाण मांडून बसतो, असं तिने सांगितलं. लिंबूच्या बाबतीत काळजी जास्त घ्यायची, कारण त्याच्या लिव्हरवर आधीच ओझं होतं. इथे तिने एक शब्द वापरला, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, आणि आमचे चेहरे बघून लगेच म्हणाली की शरीराला आतून गंज चढतो असं समजा. सगळ्यांनाच थोडा चढतो आणि शरीर तो पुसत राहतं. पण याच्या पेशी सारख्या फुटतात, त्यांतलं लोखंड बाहेर सांडतं, त्यामुळे गंज पुसण्यापेक्षा चढण्याचा वेग जास्त. त्यात लिव्हरवर विषाणू येऊन बसला की दुप्पट काम. ती नेमका याच विषयावर थीसिस करत होती.

गंज म्हटल्यावर लिंबू उशीवरून उठून बसला. गंज हा त्याचा प्रांत. मशीन न उघडता आतला गंज कसा मोजता, असं त्याने तिला विचारलं, आणि मग पाऊण तास दोघांचं जे काही चाललं, त्यात आम्हा दोघींना कुणी विचारलं नाही. तिने थीसिससाठी त्याच्या संमतीने दोन छोट्या नळ्या रक्त घेतलं. ते बर्फात ठेवून अर्ध्या तासात खालच्या लॅबमध्ये पोचवायचं होतं, म्हणून ती जिन्यावरून धावत सुटली. लिंबूने विचारून ठेवलं होतं की या गंजावर घालायला एखादं तेल आहे का. अजून खात्रीचं नाही, असं ती म्हणाली होती, म्हणून तर मोजतोय. गंजावरच्या औषधाच्या जाहिराती बघून काही घ्यायचं नाही, अशी तंबीही तिने दिली. दाखवायचं नाही असं ठरवूनही मला ती पोरगी आवडली.

जाता जाता तिने आणखी एक सांगितलं. घरातल्यांनी लस घ्यायची. तीन इंजेक्शनं, आज एक, महिन्याने दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं. मी तिथल्या तिथे दंड पुढे केला. लग्नाचं काय, असं मीच विचारलं, कारण ते दोघं विचारत नव्हते. लग्नाला हरकत नाही, डॉक्टरीण म्हणाली, फक्त होणाऱ्या बायकोने आधी लस घ्यावी आणि लसीने काम केलं की नाही ते तपासून मगच पुढचं. टेलरबाईने मान डोलावली, पण तिचा चेहरा एकदम उतरला होता. ते लिंबूने पाहिलं. मीही पाहिलं.

बाराव्या दिवशी त्याला घरी सोडलं. आकडे उतरणीला लागले होते. घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर टेलरबाईचं मशीन दुरुस्तीला मागवून घेतलं. तो ताणाचा स्क्रू काढला, नवा घातला, त्यावर असं काही लावलं की तो जन्मात सैल होणार नाही, आणि मशीन परत पाठवून दिलं. सोबत निरोप, की नोंदणीची तारीख रद्द करून टाक आणि आता येत जाऊ नकोस.

मी त्याला चांगलंच झापलं. डॉक्टर हरकत नाही म्हणतेय आणि तुला काय भिकेचे डोहाळे लागलेत, असं विचारलं. तो हातातलं बॉबिन पुसत राहिला. मग म्हणाला, "आक्का, तिचा चेहरा बघितलास ना. आधी हाडं, मग पित्ताशय, आता लिव्हर. दर वर्षी नवा पार्ट जातो. असं मशीन मी कुणाच्या गळ्यात बांधलं असतं का?"

खोटं बोलत नाही, त्या क्षणी मला आत कुठेतरी बरं वाटलं. अगदी एक क्षण. भाऊ आता कुठे जात नाही, उद्या सकाळी तो पायरीवर उभा असणार आणि कार्ड माझ्याच हातात असणार. मग मला त्या बरं वाटण्याची एवढी लाज वाटली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले आणि नळ सोडून नुसती उभी राहिले.

पुढचे नऊ दिवस लिंबूने एकही विनोद केला नाही. ठणकत्या हाडांनी कण्हताना विनोद करणारा माणूस तो, आता नुसता मान खाली घालून मशीनला तेल देत बसायचा. मी मुद्दाम मुकादमाशी भांडण उकरून काढलं, कारण माझी भांडणं ऐकायला त्याला फार आवडतं. त्याने वर बघितलं नाही. तेव्हा मी हात टेकले. दहाव्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं आणि टेलरबाईचा जिना चढले.

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात याचा अंदाज नव्हता. ती दोन्ही ओठांत टाचण्या धरून कापड टाचत होती. मी दारातच उभी राहून सांगितलं, की माझं चुकलं. कार्डही जाळीत होतं. तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. तू त्याला नेलं नसतंस तर मी अजून वजाच करत बसले असते. एवढं बोलून मी रडले. मला स्वतःचाच राग आला, कारण रडायचं ठरवलं नव्हतं.

तिने एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या, उशीला टोचल्या, मला खुर्ची दिली. म्हणाली की माझा राग तिला आलाच नव्हता. लिंबूचा आला होता. परस्पर ठरवून मोकळा झाला, विचारलंसुद्धा नाही. मग तिने विचारलं की ती लस देणारी खोली कुठल्या दिवशी उघडी असते. मी सांगितलं, सोमवारी आणि गुरुवारी. बरं, म्हणाली, आणि पुन्हा टाचण्या तोंडात धरल्या. मी परत आले. लिंबूला काही सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी ती दुकानात आली. चेहरा पांढराफटक, डावी बाही वर दुमडलेली, दंडावर कापसाचा बोळा. सरळ मागे गेली आणि लिंबूच्या टेबलासमोरच्या स्टुलावर धपकन बसली. तो घाबरून उभा राहिला. मी पुढे बटणं निवडायला घेतली, म्हणजे नुसती हाताखाली घेतली, कान सगळे मागे.

तिने सांगितलं ते असं. तिला इंजेक्शनची लहानपणापासून मरणाची भीती वाटते. दिवसभर सुया हातात असतात, पण त्या कापडात जातात. लग्नाआधीचं रक्त तपासायला गेली तेव्हाही तिथे चक्कर येऊन पडली होती, लाजेने कुणाला बोलली नव्हती. हॉस्पिटलात डॉक्टरीण तीन इंजेक्शनं म्हणाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता तो त्या सुयांच्या भीतीने. आणि आज पहिलं घेतलं, तर सुई बाहेर निघायच्या आत ती आडवी. नर्सने पाय वर करून ठेवले, आणखी दोघींनी वारा घातला, आणि बाहेर रांगेतल्या दोन बायका भिऊन लस न घेताच घरी निघून गेल्या.

लिंबू हसला. आधी नाकातून, मग त्याला आवरेचना, स्टूल धरून खाली वाकून हसला. इतक्या दिवसांनी मी त्याचं हसणं ऐकत होते. तिने त्याला पोटभर हसू दिलं.

मग ती म्हणाली, "दुसरं पुढच्या महिन्यात आहे, बारा तारखेला. मी एकटी जाणार नाही, परत पडले तर डोकं फुटेल. माझा हात धरायला येतोस का, तेवढं सांग. लग्नाचं मी नंतर विचारीन."

माझ्या हातातली बटणं कुठल्या रंगाची होती ते मला आजही सांगता येणार नाही.

"किती वाजता?" लिंबूने विचारलं.

त्या बारा तारखेला मी दुकानात थांबले. तीस वर्षांत लिंबू हॉस्पिटलात गेला आणि मी बरोबर नाही, असं कधी झालेलं नव्हतं. त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात पाण्याची बाटली कोंबली, तीही स्वतःसाठी नाही. सकाळभर मी सारखी रस्त्याकडे बघत होते आणि तीन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसले.

संध्याकाळी टेलरबाईनेच मला सगळं सांगितलं. केसपेपरच्या खिडकीत तो म्हातारा क्लार्क होता, जो लिंबूला शाळेच्या गणवेशात असल्यापासून ओळखतो. लिंबूला बघताच त्याने न विचारता त्याची जाडजूड फाइल काढायला हात वर केला. लिंबूने त्याला थांबवलं. म्हणाला, "आज मी पेशंट नाही. पेशंट या आहेत. मी पेशंटचा नातेवाईक."

क्लार्कने चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कोरा केसपेपर खिडकीतून पुढे सरकवला. त्याच्या सगळ्या केसपेपरांवर खालच्या रकान्यात माझं नाव असतं आणि नात्यासमोर 'बहीण'. या कागदावर त्या रकान्यात लिंबूने सावकाश, शुद्ध अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि नात्यासमोर 'नवरा' असं लिहिलं. लग्न अजून व्हायचं होतं. क्लार्कने ते वाचलं आणि त्यावर शिक्का मारला.